धापेवाड्याच्या वाटेवर

धाकटा भाऊ आत्महत्येने गेला, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा, "आईबाबांना सांभाळ." सांभाळलं. पोलिसांना जबाब दिला, पंचनाम्याची कागदपत्रं घेतली, त्याचं बँकेतलं खातं बंद केलं. "आणि तुम्ही कसे आहात?" हे पहिल्यांदा विचारलं ते टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर बोलणाऱ्या मुलीने. एका रात्री झोपच येईना म्हणून फोन लावला होता. मला उत्तर देता आलं नाही.

आषाढात आमच्या वस्तीतली मंडळी धापेवाड्याला पायी जातात, चंद्रभागेकाठच्या विठोबाला. विदर्भाचं पंढरपूर ते. मी काही माळकरी नाही, पण घरात बसवेना. निघालो.

फेटरी मागे पडलं आणि पावसाने गाठलं. रस्ता सोडून जरा कडेला उतरलं की काळी माती चपलेला धरते. काडीने खरवडायची, पुन्हा चालायचं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती भाऊ तुम्ही?" या प्रश्नासाठी मी लग्नकार्यं टाळतो. 'दोघं' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तरी म्हणालो, "दोघं. धाकट्याने जीव दिला."

काकूंचे टाळ थांबले. मला वाटलं, आता 'काऊन?' विचारतील. त्या म्हणाल्या, "कसा होता जी तो?"

मग काय, कळमेश्वर येईपर्यंत मीच बोलत होतो. पोह्यांवर इतकी तर्री ओतून घ्यायचा की पोहे तरंगायचे. माझेच शर्ट घालायचा आणि वर मलाच सांगायचा, "दादा, हा रंग तुला नाही शोभत." काकू हसल्या. मीही हसलो, आणि हसताना कोणी बघतंय का, हे पाहिलं नाही.

मुक्कामाला कीर्तनात ज्ञानेश्वरांच्या समाधीचा प्रसंग होता. आळंदी, १२९६. समाधी आणि आत्महत्या यांची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. पण नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तीनाथांना शोक आवरत नाही. थोरला भाऊ, वर गुरूही, आणि ज्ञानदेव तर सगळ्यांचा निरोप घेऊन गेलेले. माझ्यावाला निरोप न घेताच गेला! तिथे बसल्या बसल्या मला त्याचा सणसणीत राग आला. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, म्हणून इतके दिवस दाबलेला. मंडपाबाहेर जाऊन त्याला चार शिव्या घातल्या, मग तिथेच भिंतीला टेकून रडलो.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. गर्दी इतकी की विठोबापुढे धड उभंही राहू दिलं नाही. परतीच्या एसटीत आईचा फोन आला.

"काय मागितलंस रे?"

"काही नाही. भांडलो."

"बरं केलंस. माझ्याकडूनही दोन शब्द सुनवायचे होते त्याला."

"कोणाला, विठोबाला?"

"दोघांनाही."