तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटातली ती जपानी ब्राँझची शिल्पं घासत का नाही?

घरी कोणीही आलं की कपाटापुढे थांबून हेच विचारतं, अहो एवढे पैसे घालून जमवता, मग चिंच-मीठ लावून लख्ख का नाही करत, किती काळी पडलीयेत.

तर तो काळा रंग मुद्दाम आणलेला असतो हो. तांब्यात थोडंसं सोनं, साधारण चार-पाच टक्के, मिसळलं की शाकुदो नावाचा मिश्रधातू होतो, तो आधी अगदी तांब्यासारखाच दिसतो, मग त्याला किसलेला मुळा फासतात (हो, मुळाच, जपानी दाइकोन) आणि रोकुशो नावाच्या तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात उकळतात, तेव्हा कुठे तो निळसर-जांभळी झाक असलेला काळा चढतो. सोन्याऐवजी भरपूर चांदी घातली की शिबुइची, तो करडा. एकाच डबीवर कावळा काळा, ढग करडा आणि चंद्र सोन्याचा असतो आणि ब्रशने रंग कुठ्ठेच दिलेला नसतो! हा थर इतका पातळ की पितांबरीचा एक हात फिरला की खेळ खल्लास.

ही विद्या मूळची तलवारीच्या सजावटीची. 1876 मध्ये जपानच्या मेइजी सरकारने तलवारी लावून फिरायला बंदी घातली, कारागिरांचं गिऱ्हाईकच गेलं, मग तेच हात फुलदाण्या, धूपदाण्या, प्राणी-पक्षी करायला लागले, बराचसा माल परदेशात. सुझुकी चोकिची या त्या काळच्या ब्राँझ शिल्पकाराचे 12 ससाणे 1893 च्या शिकागो प्रदर्शनातले, त्यांचे फोटो जरूर शोधा, प्रत्येकाची बसायची ढब वेगळी, रंग वेगळा. मला स्वतःला त्या काळातल्या ड्रॅगन गुंडाळलेल्या भल्यामोठ्या फुलदाण्या फार भडक वाटतात, पण विकल्या जातात त्याच.

माझ्याकडे तळहाताएवढा ब्राँझचा खेकडा आहे. आधीच्या कुणीतरी त्याची पाठ घासून पितळी करून टाकलीये, पण पायांच्या सांध्यात, नांगीच्या आतल्या बाजूला, जिथे फडकं पोचलं नाही तिथे मूळचा गडद तपकिरी अजून आहे. म्हणूनच स्वस्तात मिळाला. तुम्ही घ्यायला गेलात तर आधी अशाच खाचा बघा, तळाची सही नंतर, कारण सही कोणीही ठोकू शकतो. घरी फक्त मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं. खेकड्याला परत रंग चढवून देणारे भेटतात, पण मी नाही करणार, सांध्यांतला तेवढा जुना रंगही त्यात जाईल.