आमची वाटचाल : कॉम तीन कुठून आणायचा?

आमचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरात, एका लेथच्या शेडला चिकटून आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर व इलेक्ट्रॉनिक्स' असं मोघम लिहिलंय. पण खरं सांगायचं तर आमचं पोट भरलं ते एकाच कामावर, कॉम्प्युटरला जास्तीचे सिरीयल पोर्ट, म्हणजे आकडे-अक्षरं एकामागून एक आत-बाहेर नेणारी जोडणीची तोंडं, लावून देण्याच्या. दुकानात शिकायला येणारी पोरं हे ऐकून हसतात. त्यांनी तो नऊ पिनांचा पोर्ट कधी बघितलेलाच नसतो.

सुरुवात १९९८ ची. तेव्हा दुकान नव्हतं. एम-एटीच्या डिकीत स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर आणि फ्लॉप्यांचा डबा घेऊन मी घरोघरी कॉम्प्युटर जोडून द्यायचो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांनी पोराच्या शिक्षणासाठी पेंटियम घेतला होता. संस्थेचं संकलन त्यांच्याच घरच्या सोप्यात चालायचं. कॉम्प्युटर टेबलावर, त्याच्या पलीकडे वजनकाटा, फॅटचं मशीन, आणि दारात सभासदांच्या किटल्यांची रांग. अण्णा म्हणाले, "घरात यंत्र हायच की. काटा नि फॅट त्यालाच जोडा. वहीत आकडा चुकला की भांडण माझ्याशी हुतंय."

मी हो म्हणालो आणि घरी येऊन मोजदाद केली. काटा एक, फॅटचं मशीन दोन, सभासदाला आकडा दिसावा म्हणून दारावरचा डिस्प्ले तीन. तिन्ही सिरीयल. कॉम्प्युटरला पोर्ट दोन, त्यांची नावं कॉम एक आणि कॉम दोन, आणि कॉम एकवर माऊस बसलेला. म्हणजे कॉम तीन आणि कॉम चार विकत आणायचे.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून दोन पोर्टांचं आयएसए कार्ड (कॉम्प्युटरच्या आतल्या जुन्या धर्तीच्या खाचेत बसणारं) आणलं. कागदावर काम सोपं होतं : खोकं उघडा, कार्ड बसवा, जंपर (दोन पिना जोडून सेटिंग ठरवणारी इवलीशी टोपी) लावा. पण पीसीच्या रिवाजाप्रमाणे कॉम एक आणि कॉम तीन दोघांनाही आयआरक्यू (प्रोसेसरला बोलावणारी घंटा) ४, तर कॉम दोन आणि कॉम चारला आयआरक्यू ३. पत्ते निराळे, ३एफ८ आणि ३ई८, पण हाक मारायची घंटा एकच. आयएसएवर दोघांनी एकच घंटा वाजवली की प्रोसेसरला कळत नाही कोण बोलावतंय. फॅटचा आकडा आला की माऊस मेला, माऊस हलवला की फॅट गायब. तीन रात्री मी त्या सोप्यात काढल्या. वहिनी चहा देऊन देऊन कंटाळल्या.

कार्डावर आयआरक्यू ५ चा जंपर होता. तो लावला तर साऊंड कार्ड गप्प झालं, आणि पोरगा रडायला लागला. त्याच्या गेमचा आवाज गेला होता. शेवटी फॅटचं मशीन आयआरक्यू ७ वर नेलं. तो नंबर प्रिंटरच्या नावावर असतो, पण डॉसमधून छापताना बहुतेक वेळा वापरला जात नाही. राहिला डिस्प्ले. पहाटे चारला डोक्यात आलं की डिस्प्ले फक्त ऐकतो, बोलत नाही. त्याला घंटा हवीच कशाला? कॉम चारवर आयआरक्यू न वापरता सरळ अक्षरं ढकलली आणि दारावर लाल आकडे पेटले. आमचा धंदा त्या पहाटे सुरू झाला असं मी धरतो.

पुढची दोन वर्षं तोंडी जाहिरातीवर गेली. या संस्थेचं बघून त्या संस्थेनं बोलावलं. २००० साली दुकान घेतलं, धाकटा भाऊ नोकरी सोडून आला. त्याचा हात सोल्डरिंगला माझ्यापेक्षा बरा, त्यामुळे केबली तोच बनवायचा. दोन नंबरची पिन तीनला, तीन नंबरची दोनला, पाचला पाच. हे तीन धागे आम्ही झोपेतही जोडू शकतो.

एक फजिती मात्र अजून आठवते. एका गावात एका मावशींच्या किटलीत बारा लिटर चारशे होतं आणि पावतीवर आलं दोन लिटर चारशे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "दादा, म्हस माझी हाय, तुमच्या यंत्राची न्हाई. तुमचं यंत्र आटलं असंल." सगळी रांग हसली. काटा सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने सतत बडबडतो, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर. कार्डावरची जुनी चिप एकच अक्षर धरून ठेवू शकायची. हार्डडिस्क लिहिण्यात कॉम्प्युटर गुंतला की पुढचं अक्षर येऊन मागचं पुसायचं, आणि बारातला एक गळायचा. उपाय म्हणजे १६५५०ए चिपचं कार्ड. तिच्यात १६ अक्षरांचा साठा असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला दम खायला वेळ मिळतो. शिवाय प्रोग्राममध्ये नियम घातला : ओळ पूर्ण लांबीची नसेल तर फेकून द्या, आणि लागोपाठ दोनदा तोच आकडा आल्याशिवाय पावती छापू नका. दुसरा नियम फुकटचा होता, आणि कार्डापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

मग वळवाचे पाऊस. पहिली वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी दुकानात जळक्या कार्डांची रास. वीज पोर्टावर पडायची असं नाही. काटा एका प्लगवर, कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर, आणि अर्थिंग दोन्हीकडे नावापुरतं. सगळा फरक दोन्हीकडचं ग्राउंड जोडणाऱ्या त्या पाच नंबरच्या तारेतून धावायचा. आम्ही मध्ये ऑप्टोकपलरची डबी (तारेनं न जोडता उजेडानं निरोप पोचवणारी) घालायला लागलो, आणि कार्ड बसवण्याआधी अर्थिंग तपासायला लागलो. काही सचिव वैतागायचे, "कॉम्प्युटरवाले तुम्ही, खड्डा कशाला खणताय?" मीठ-कोळसा घालून खड्डा भरला की मगच कार्ड, हा नियम भावाने कधी सोडला नाही. त्यापायी दोन-चार गिऱ्हाइकं गेली, जाऊ दे.

पीसीआय ही नव्या धर्तीची खाच आल्यावर जंपरांचा जाच संपला. आठ पोर्टांचं कार्ड, त्याला आठ शेपट्यांची केबल. एका फाउंड्रीत आम्ही एकाच कॉम्प्युटरला सोळा पोर्ट दिले. तिथे विंडोजची एक गंमत कळली : कॉम नऊपर्यंत साध्या नावाने पोर्ट उघडतो, कॉम दहाला नावाआधी उलट्या रेघा आणि टिंब लावावं लागतं. एवढ्यासाठी भावाने अख्खा रविवार घालवला.

यूएसबीच्या काळात धंदा बसेल असं सगळे म्हणाले. उलट वाढला. लॅपटॉपला पोर्टच नाहीत, आणि काटे-मशीनं अजून तीच. यूएसबीतून सिरीयल पोर्ट काढून देणारे अडॅप्टर मात्र लबाड निघाले. स्वस्त अडॅप्टरच्या पोटात स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. सकाळी झाडलोट करताना कुणी तो एका भोकातून काढून दुसऱ्यात घातला की कॉम चारचा कॉम सात होतो आणि साडेपाचला फोन येतो, "काटा बोलंना." एकदा तर घाऊक घेतलेल्या लॉटमध्ये नकली चिपा निघाल्या. विंडोज अपडेट झाला तशी अकरा संस्थांची मशीनं एका आठवड्यात गप्प झाली. सगळे अडॅप्टर पदरमोड करून बदलून दिले. ते वर्ष घरात दिवाळी बेताचीच झाली.

तेव्हापासून सिरीयल नंबर असलेलाच अडॅप्टर घेतो, आणि बसवून झालं की यूएसबीच्या भोकाला आणि अडॅप्टरला एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. युक्ती माझ्या बायकोची. लाल काट्याला, गुलाबी फॅटला, निळा डिस्प्लेला. निळी बाटली कोल्हापुरात शोधताना मात्र भावाची चांगलीच थट्टा झाली.

अण्णा आता थकलेत. संस्था पोरगा बघतो, तोच, गेमचा आवाज गेला म्हणून रडलेला. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. फॅटचं नवं मशीन घेतलंय, त्याला ब्लूटूथ आहे, पण काटा जुनाच ठेवायचाय. मी विचारलं, "भोकं किती आहेत?" तो म्हणाला, "दोनच हायत काका. एकावर माऊस बसलाय."