माया सोडून शिवलेलं

माझे वडील, अण्णा, मागच्या दिवाळीनंतर गेले आणि यंदा २०२५ च्या वारीला त्यांच्या दिंडीत मी चालले. १९ जूनला आळंदीत प्रस्थान, ६ जुलैला एकादशी. अण्णांच्या २९ वाऱ्या झाल्या, माझी ही पहिलीच.

अण्णा शिंपी. बाजारपेठेत छोटं दुकान, एक पायमशीन, नंतर तिला मोटर बसवली. काज-बटण आई घरी करायची. शिंप्याचा सगळ्यात मोठा सीझन म्हणजे शाळेचे ड्रेस, मे अर्धा झाला की सुरू होतो तो शाळा उघडल्या तरी संपत नाही, आणि वारी नेमकी त्याच टायमाला. काही वर्षी जुलैत येते पण २०२३ ला तर ११ जूनलाच प्रस्थान होतं, शाळासुद्धा उघडल्या नव्हत्या. मग अण्णा रात्रीचा दिवस करायचे. पहाटे तीनला जाग आली तरी मशीनचा आवाज चालूच. सगळे ड्रेस इस्त्री करून, नावाच्या चिठ्ठ्या टाचून दुकानात रचून ठेवले की मगच पिशवी खांद्याला लावायचे. एकाही पोराचा ड्रेस मागे ठेवून ते कधी गेले नाहीत हे मी शपथेवर सांगते.

तरी मला राग होता. माझ्या अकरावीच्या ॲडमिशनच्या दिवसांत ते सासवडला होते आणि मी आईला घेऊन लायनीत उभी होते. लोकांसाठी रात्रभर जागतात आणि आपल्यासाठी दोन दिवस थांबत नाहीत असं वाटायचं, तेव्हा बोलले नाही, नंतर बोलायचं राहूनच गेलं.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. घाटात माझे पाय बोलायला लागले, टाळ धरलेले हात पण जड झाले, आणि पुढे चालणाऱ्या एका आजींच्या पाठीवरच्या पिशवीकडे माझं लक्ष गेलं. खाकी कापड, निळा पट्टा, आणि पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोन मारून वर फुलीची टीप. ती टीप मी झोपेतही ओळखीन, माझ्या दप्तराला दहावीपर्यंत तीच होती. विचारलं तर आजी म्हणाल्या, "शिंपीमाउलीनं दिली की. पैसं घेतलं न्हाईत, म्हणला पुढच्या वर्षी नुसती दावा, टीप कुठं सुटली का बघतो." मी त्यांची मुलगी म्हटल्यावर भर घाटात वाकून माझ्याच पाया पडल्या. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, ते माहीत होतं, तरी त्या क्षणी मला धड उभं राहता आलं नाही.

मग मी बघतच गेले. जेजुरीपर्यंत आमच्या एका दिंडीत ११ पिशव्या मोजल्या. खाकी, निळ्या, काही शर्टाच्या पांढऱ्या कापडाच्या दुहेरी, आत सगळ्यांना चोरखिसा. ड्रेसचे उरलेले तुकडे गोधडीत जातात असंच आम्हाला घरी वाटत होतं!

नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. अश्व समोरून गेला तेव्हा मला काही सुधरत नव्हतं, नुसतं रडू येत होतं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिता येणार नाही.

फलटणच्या मुक्कामात दिंडीच्या ट्रकचा ड्रायव्हर शेजारी जेवायला बसला, तो आमच्याच गावचा. म्हणाला, ताई, पाचवीतली हाफ पॅन्ट मी सातवीपर्यंत घातली. आमच्या बापाला दरवर्षी ड्रेस जमणारा नव्हता, ते अण्णांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पहिल्याच वर्षी कमरेला आणि खाली भरपूर माया सोडली होती, दरवर्षी जूनमध्ये मला हाक मारायचे, उसवायचे, वाढवून द्यायचे, दुसऱ्या पोरांसमोर कधी नाही, दुकान बंद करायच्या वेळेला. आमच्याकडे शिवणीत आत राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला शब्द, "माया सोड, माया कापू नकोस", पण त्या रात्री पत्रावळीवर बसून तो ऐकला आणि घास गिळेना.

नातेपुत्याला पाऊस आला आणि आमची राहुटी दोरीजवळ फाटली. आतमध्ये १५ बायका आणि पाणी गळायला लागलं. ट्रकमध्ये अण्णांचं हातमशीन होतं हे मला तेव्हा कळलं. लाकडी पेटीत, त्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं, कापडाच्या तुकड्याला १८ नंबरच्या सुया टोचून ठेवलेल्या, बॉबीन भरलेल्या. समाजआरती, म्हणजे मुक्कामावरची संध्याकाळची आरती, झाली की ते हे मशीन घेऊन बसायचे आणि रात्री दहा-अकरापर्यंत लोकांच्या पिशव्या, सदरे, राहुट्या शिवायचे म्हणे. दिवसभर चालून! आम्हाला फोनवर फक्त "जेवलो, झोपतो आता" एवढंच. २०२० ला वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते अण्णांनी टीव्हीवर बघितलं आणि उठून मास्क शिवायला बसले, ते आता नीट समजतंय मला.

मला शिवता येतं पण जाड कापडाची सवय नाही. एका ताईंनी बॅटरी धरली, एकीने कापड ताणलं, मी हँडल फिरवत गेले. दोन सुया मोडल्या. टीप वाकडी आली, पण पाणी थांबलं. वीणेकरी बाबा छत्री घेऊन सगळा वेळ बाजूला उभे होते, टिपेवरून बोट फिरवून म्हणाले, "कडेला माया सोडलीस, मग टिकंल."

तिथून पुढे वाखरीपर्यंत रोज रात्री मी पेटी काढली. कधी दोनच पिशव्या, कधी आठ-नऊ. अकरा कसे वाजतात ते कळत नाही, घरी फोन करायचा राहून जातो, आणि केला तरी सांगायला शब्द नसतात.

पंढरपुरात दर्शनाची लाईन काही मला जमणारी नव्हती. अण्णाही कळसाचं दर्शन घेऊन महाद्वारात नामदेव पायरीला डोकं टेकवायचे, नामदेव महाराज आपल्या शिंप्यांचे म्हणून. गर्दीत कशीबशी पोचले, हात टेकवला, माझ्या अकरावीच्या ॲडमिशनचं तिथेच सांगून टाकलं, मोठ्याने, टाळांच्या आवाजात कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

बाहेर आल्यावर आईला फोन लावला. तिला पिशव्यांचं सांगितलं, पॅन्टचं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पेटी ट्रकमध्येच राहू दे. आणि सुया घे की जास्तीच्या पुढच्या वर्षीला."