रातकिड्यांची पहिली पिल्ले
परभणीजवळच्या आमच्या शेतात, सोयाबीन काढल्यानंतर काळ्या रानाला पडलेल्या भेगांतून पकडून आणलेल्या रातकिड्यांच्या डब्यात आज पहाटे पिल्ले दिसली. पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेल्या या जातीची मादी शेपटीकडच्या सुईसारख्या नळीने ओल्या मातीत अंडी घालते, म्हणून वाटीतली माती मी 12 दिवस सुकू दिली नव्हती. मुंगीएवढी, बिनपंखांची ती पिल्ले पाहून मला अगदी भरून आले. अनेकदा कात टाकल्यावरच त्यांतल्या नरांना पंखांवर पंख घासून गाता येईल. त्यांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आडोशाला ठेवले आहेत. ज्वारीचे पीठ टिकते, गाजराचा कीस मात्र रोज ताजा द्यावा लागतो, कारण शिळ्या किसावर लगेच बुरशी धरते.