बंड्या मुद्दाम करत नव्हता

बंड्याला ऐकू येत नाही हे आम्हाला कळायला जवळजवळ एक वर्ष लागलं. त्या वर्षात मी त्याच्यावर किती वेळा चिडले, किती वेळा "फार शेफारलाय हल्ली" म्हणाले ते आठवलं की अजून पोटात तुटतं, म्हणून हे लिहितेय.

बंड्या लॅब्रॅडॉर आहे, आता १३ पूर्ण झाली त्याला. मी दहावीत असताना आला. चिमी गावठी, साधारण ११ ची असेल, पावसाळ्यात गंगापूर रोडला एका बंद दुकानाच्या पायरीवर भिजत बसलेली सापडली होती. ह्या चिमीमुळेच आम्हाला काही कळलं नाही. म्हणजे बेल वाजली की चिमी उठून दाराकडे पळायची आणि तिच्या मागे बंड्या. सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की चिमी गॅलरीत, मागे बंड्या. आम्हाला वाटायचं दोघं पळतायत. खरं तर एकच ऐकत होती आणि दुसरा तिच्याकडे बघून उठत होता.

दुसरं म्हणजे बाबा. मी कितीही हाका मारल्या तरी बंड्या ढिम्म, आणि बाबांनी त्यांच्या त्या जाड आवाजात "बंड्याऽऽ" म्हटलं की लगेच मान वर. मला इतकं लागायचं ना ते. लहानपणापासून ह्याला भरवलं मी, रात्री उठून बाहेर नेलं मी, आणि हा ऐकणार बाबांचं. एकदा तर मी दोन दिवस त्याच्याशी बोललेच नाही, आणि त्याला बिचाऱ्याला त्यातलं काही कळणं शक्यच नव्हतं.

आणि गणपतीच्या आधी इकडे नदीकाठी ढोलाची प्रॅक्टिस सुरू होते, नाशिक ढोल म्हणजे काय ते सांगायला नको, तर पहिला ठोका पडला की बंड्या कान टवकारून उभा. आई म्हणाली, "बघ, ढोल बरोबर ऐकू येतो, तू हाक मारलीस की ऐकू येत नाही." आम्ही सगळे मान हलवून मोकळे झालो.

ओळखलं कोणी, तर आजीने. ती म्हणाली, "अगं त्याला ऐकू येत नाहीये. मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनाशा झाल्या तेव्हा माझं असंच झालेलं, तुझ्या बाबाचं बोलणं कळायचं, तुझं बारीक आवाजातलं कळायचं नाही, आणि तुम्ही सगळे म्हणायचात आजी सोयीचं तेवढं ऐकते." मला काय बोलावं सुचेना. कारण आम्ही खरंच असंच म्हणायचो.

तरी मनाला पटत नव्हतं. मग एका शनिवारी भाऊ चिमीला घेऊन सिन्नरला गेला, दोन दिवस बंड्या एकटा. मी संध्याकाळी बाहेरून आले, कुलूप उघडलं, चप्पल काढली, पिशवी आपटून ठेवली, आणि हा दाराकडे पाठ करून आडवा पडलेला, हलेना. हाक मारली तरी नाही. माझे हातपायच गार पडले, मला वाटलं गेला. जवळ जाऊन बघते तर पोट हलतंय. मी घाईघाईत त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो असा दचकून उठला की हवेतच दात मारला त्याने, मला लागलं नाही, पण १३ वर्षांत त्याने असं कधीच केलं नव्हतं. मग मला बघितलं, वास घेतला, आणि शेपूट पायात घालून माझे हात चाटत बसला. मी खूप रडले त्या दिवशी.

सोमवारी डॉक्टरकडे. त्यांनी आधी कान तपासले, कारण लॅबचे कान पडलेले असतात, आत हवा खेळत नाही, पावसाळ्यात इन्फेक्शन होतं, आणि मळ साठून किंवा सूज येऊन ऐकू येत नसेल तर ते औषधाने बरं होऊ शकतं. तसं काही निघालं नाही. (घरात जुने उरलेले ड्रॉप्स असतील तर आपल्या मनाने घालू नका प्लीज, कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्सनी आतल्या कानालाच इजा होते.) म्हणजे हे वयाचं. आतल्या कानात अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या आवाज पकडतात, वयानुसार त्या मरत जातात आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत, आपल्याही नाही आणि कुत्र्यांच्याही नाही. बऱ्याच कुत्र्यांमध्ये हे ८ ते १० वर्षांनंतर सुरू होतं आणि आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. माझी हाक, बेल, किल्ल्यांचा आवाज हे आधी गेलं. बाबांचा आवाज आणि ढोल राहिले. इतकं सरळ होतं ते. एक बेअर नावाची टेस्ट असते, डोक्याला बारीक तारा लावून कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतंय का बघतात, पण ती आम्ही केली नाही, रिझल्ट काहीही आला तरी घरी करायचं तेच होतं.

घरी काय बदललं सांगते. सगळ्यात आधी उठवणं. झोपेत अचानक हात लावायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना, पाहुण्यांच्या मुलांना तर दारातच सांगतो. मी त्याच्या नाकासमोर हात धरते आणि थांबते. नाक अजून एकदम शाबूत आहे त्याचं. आधी नाकपुड्या हलतात, मग डोळा उघडतो, मग शेपटीचं टोक. पोळ्या करून आलेले असले की अजून लवकर. पाय आपटून उठवा असं बरेच जण सांगतात, पण आमच्याकडे स्लॅबवर फरशी, त्यावर कितीही पाय आपटले तरी त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. लाकडी दिवाणावर झोपला असेल तर मात्र दिवाणाच्या कडेवर हळू थोपटलं की बरोबर जागा होतो.

मग खुणा. मला वाटलं होतं ह्या वयात कुठे शिकणार, पण चार दिवसांत शिकला, कारण खरं तर तो आधीपासून माझ्या हाताकडेच बघत होता, मला वाटायचं शब्दांनी बसतोय. तळहात खाली म्हणजे बस, दोन्ही हात पसरले की ये, अंगठा वर म्हणजे शाब्बास. शाब्बासला बिस्कीट दिलंच पाहिजे, सुरुवातीला तरी. रात्री खाली अंगणात असला की गॅलरीचा दिवा दोनदा बंद-चालू करतो, तो वर बघतो, मग हात पसरायचे.

गोदापार्कला मोकळं सोडणं बंद केलं. ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण तिथे पळणं हा त्याचा जीव होता, पण मागून आलेली गाडी त्याला कळत नाही, आणि आपल्याकडे बिबट्याच्या बातम्या येतच असतात, संध्याकाळनंतर तर अजिबात नाही. आता लांब पट्टा घेतलाय. त्याची चाल तशीही हळू झालीये, वास घेत घेत जातो, एका झाडाला पाच-पाच मिनिटं. घेऊ दे.

भुंकणं मात्र वाढलं, स्वतःचा आवाज कळत नसावा म्हणून असेल. बिल्डिंगमधल्या एकांनी तक्रार केली. मी जाऊन समजावून सांगितलं, त्यांना पटलं की नाही माहिती नाही.

दिवाळी वेगळी गेली ह्यावेळी. ११-१२ वर्षं हा दिवाळीत बाथरूममध्ये थरथरत बसायचा, मी लक्ष्मीपूजन सोडून त्याच्याजवळ बसायचे. ह्या वर्षी फुलबाजे, रॉकेट, लवंगी माळा, काही नाही, हॉलमध्ये चारी पाय पसरून घोरत होता. जवळच सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा फक्त डोकं वर केलं, इकडेतिकडे बघितलं, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि परत झोपला. मला आनंद पण झाला आणि गळा पण दाटून आला.

मी अजून त्याच्याशी बोलते. सगळं सांगते, आधी सांगायचे तसंच. त्याच्या मानेजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोललं की तो शांत होतो, ऐकू येतं की नुसती छातीची थरथर कळते ते तोच जाणे.

आणि मागच्या आठवड्यापासून घंटागाडीच्या गाण्याला चिमी पण उठत नाहीये. दोनदा झालं असं. आता चिडायचं नाही एवढं तरी मला माहितीये. कान बघायला बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीये, आणि तोपर्यंत थोडंफार ऐकू येतंय तर आत्ताच शब्दासोबत खूण सुरू केली. बस जमायला लागलंय. ये म्हणून हात पसरले की ती जागची हलत नाही, बंड्याच उठून येतो, मग त्याच्या मागे ती.