तानपुऱ्यात मिसळलेला परका स्वर

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी वडिलांनी जमवलेल्या दीडशेच्या आसपास सीडी आहेत, त्याही बहुतेक ख्यालगायनाच्या. सीडी प्लेअर अडखळू लागला आणि त्याचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा हे सारे संगीत घरच्या डेस्कटॉपवरून ऐकण्याची सोय करावी, असे मी ठरवले.

काही वर्षांपूर्वी जागा वाचवण्यासाठी यातल्याच काही सीडी मी १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये उतरवल्या होत्या. त्यात गायकाचा आवाज बरा वाटे, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणीत गुंज, बोथट झालेली होती, कारण इतक्या कमी दरात बसवताना वरच्या कंप्रतांचा बराच भाग छाटला जातो. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. त्यातले काहीही न गमावता फाइल लहान करणारे फ्लॅक हे स्वरूप मी या वेळी निवडले. 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतो, त्यामुळे ओरखडे पडलेल्या एका सीडीने अख्खी संध्याकाळ खाल्ली.

त्यानंतर बाहेरचा डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचे आवाजाच्या विद्युत संदेशात रूपांतर करणारी पेटी, यूएसबीने संगणकाला आणि तेथून अँप्लिफायरला जोडला, आणि गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा गुणगुणाट ५० आणि त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५० हर्ट्झवर येतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज धरला तर १०० हर्ट्झ हा स्वर मंद्र सप्तकातल्या तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये पडतो. म्हणजे कोणत्याही रागात न बसणारा स्वर माझ्या तानपुऱ्याबरोबर अखंड वाजत होता!

यूएसबीची वायर काढली की तो थांबे, म्हणून संशय अर्थिंगवर गेला. संगणक आणि अँप्लिफायर दोघांनाही तीन पिनांचे प्लग होते, पण ते दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये लावलेले होते, आणि वायरीच्या वेष्टनामुळे दोन अर्थिंगांमध्ये एक बंद फेरा तयार झाला होता. अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, असा सल्ला एका ओळखीच्या गृहस्थांनी दिला. धातूची पेटी असलेल्या उपकरणाबाबत तो जिवावर बेतू शकतो, म्हणून मी तो मानला नाही. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्यावर आवाज निम्म्याहून कमी झाला. संगणकाच्या मागे ऑप्टिकल आउटपुट आहे हे तेव्हा लक्षात आले. त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेची जोडणी होतच नाही. यूएसबी काढून ती लावताच घूं पूर्ण गेला.

विंडोज सगळे आवाज एकत्र करून ४८,००० नमुन्यांच्या दराने पाठवत होते, तेही 'फूबार२०००' या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्स्क्लूसिव्ह मोड (इतर प्रोग्रॅमचे आवाज मिसळू न देणारी सोय) लावून टाळले. यातला फरक डोळे मिटून मला ओळखता आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र विलंबित लयीत मध्येच मेल आल्याचे टिंग वाजणे बंद झाले, आणि तेवढ्यासाठीही तो खटाटोप परवडला.

आता उरला आहे छताचा पंखा. ठाण्याच्या मे महिन्यात तो बंद ठेवून ऐकणे वडिलांना मान्य नाही.