मुलांना सॉरी म्हणायला का लावत नाही?

बालवाडी सुटायच्या वेळी दाराशी उभे असलेले पालक मला हमखास एक गोष्ट विचारतात: "ताई, त्याने आमच्या बाळाला ढकललं, तरी तुम्ही त्याला सॉरी म्हणायला लावलं नाहीत?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही लावत.

तीन वर्षांचं मूल दटावलं की सॉरी म्हणतं, पण नजर ज्यावरून भांडण झालं त्या खेळण्यातल्या लाल डंपरवरच खिळलेली असते. एवढं म्हटलं की बाई सोडतात, इतकंच ते शिकतं. समोरच्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही चाललेलं असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी नीट उमगू लागतं. राग आवरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, त्याची वाढ तर विशी उलटेपर्यंत चालू असते.

मग मी काय करते? आधी खाली सतरंजीवर बसते आणि ज्याला लागलं त्याला जवळ घेते. कोपर बघते, फुंकर घालते. ढकलणाऱ्यालाही शेजारीच बसवते, कोपऱ्यात उभं करत नाही. "तुला राग आला ना? डंपर तुझ्या हातात होता आणि याने ओढला." एवढं ऐकून कितीदा तरी त्याचे खांदे सैल पडतात. मग विचारते, "हा रडतोय बघ. याला बरं वाटायला काय करूया?" कुणी आपली पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी ओला रुमाल आणतं. कुणी काहीच करत नाही. तेव्हा मीही रेटत नाही. मात्र "माझं झालं की तुला देतो" हे वाक्य दोघांकडूनही म्हणवून घेते. हात उगारायच्या आधी तोंडात वाक्य असावं, यासाठी माझा सगळा आटापिटा.

"पण मग शिकवता कधी?" अहो, हेच शिकवणं. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात काम सुरू केलं आणि पुढे बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. तिथे मुलांची अंघोळ, वेणीफणी, गाणी हासुद्धा शिक्षणाचाच भाग होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही बालशिक्षणाच्या उद्दिष्टांत सामाजिक-भावनिक विकास घातला आहे. वर्गात मुलं जास्त आणि मोठी माणसं दोनच असली की हे फार अवघड जातं, हे मान्य. तरी त्या दिवशी अक्षरं राहिली तर मी राहू देते.

घरची एक सवय मात्र मला खरंच टोचते. मूल धडपडलं की आजी जमिनीला चापट मारते, "हात् गं जमीन, माझ्या सोन्याला लागलं!" प्रेमापोटीच करते. पण आपल्याला दुखलं की कुणाला तरी मारायचं, हा धडा मूल तिथे घेतं. त्याऐवजी "लागलं ना खूप? दुखतंय?" म्हणा आणि जवळ घ्या. "काही नाही झालं, उठ" असंही नको. त्याला झालेलं असतं.

ज्याला ढकललं जातं त्याच्या आईबाबांना एक विनंती. "मला नाही आवडलं, थांब," हे मोठ्याने म्हणायची सवय घरी लावा, अगदी तुमच्याशी खेळतानासुद्धा. बाकी ढकलाढकली थोडी होणारच. दात लागले, रक्त आलं, तर मात्र त्याच दिवशी दोन्ही घरी मीच फोन करते.